केळफूल निवडताना फुलाचे भाग बघून घ्या

शाळेत फुलाचे भाग म्हटलं की जास्वंद ठरलेली. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग, चार नावं पाठ करायची, आकृती काढायची, झालं. जास्वंद त्यासाठी चांगलीच आहे, सगळं मोठं आणि स्पष्ट दिसतं, पण मला विचाराल तर केळफुलाएवढं शिकवणारं दुसरं फूल नाही, आणि ते तर आपण भाजीसाठी तासभर हातात घेऊन बसलेलो असतो.

आधी हाताला तेल लावा, चिकाचे डाग लवकर जात नाहीत. वरची जांभळट लाल पानं सोलायला घेतो ना, त्या पाकळ्या नव्हेत, ती सहपत्रं, काम फक्त आतल्या फुलांना झाकून ठेवायचं. एकेक सहपत्र उचललं की खाली दोन रांगांत पिवळसर बारकी फुलं दिसतात आणि त्यातलं प्रत्येक स्वतंत्र फूल आहे, म्हणजे केळफूल हे एक फूल नाहीच, पूर्ण पुष्पगुच्छ आहे तो.

आता त्यातलं एक फूल घ्या आणि हळूच उलगडा. बाहेरची जी नळी दिसते तिच्यात निदलं (एरवी पाकळ्यांच्या बाहेर असतात ते हिरवे भाग) आणि पाकळ्या वेगळ्या काढताच येत नाहीत कारण पाच भाग एकमेकांना जोडून गेलेत, टोकाला बारीक दाते दिसतात तेवढेच. सहावा भाग मात्र सुटा राहतो, पारदर्शक, नखाएवढा, तोच तो पापुद्रा जो आपण काढून टाकतो. आत पुंकेसर, म्हणजे फुलाचा नर भाग, त्यांच्या टोकाला लांबट परागकोश, परागकणांच्या पिशव्या. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एक ताठ काडी, डोकं जाड, ती तर काढावीच लागते कारण कितीही शिजवली तरी दाताखाली येते.

रेसिपीच्या बऱ्याच व्हिडिओंमध्ये या काडीलाच पुंकेसर म्हणतात, ते चूक आहे. ती काडी म्हणजे कुक्षीवृंत आणि वरचं जाड डोकं म्हणजे कुक्षी, फुलाचा मादी भाग. परागकण कुक्षीवर पडायचे, तिथून त्यांची बारीक नळी कुक्षीवृंतातून खाली अंडाशयापर्यंत पोचायची, हे तिचं काम. पण भाजीच्या केळफुलात उरलेली फुलं नर असतात, त्यांचं अंडाशय खुरटलेलं, त्यामुळे काडी आहे पण तिच्या हातून फळ होणार नाही.

मादी फुलं कुठे गेली मग? ती आधीच उमलून गेलेली असतात, घडाच्या वरच्या बाजूला. प्रत्येक सहपत्राखालच्या मादी फुलांची एक फणी होते आणि एकेका फुलाचं अंडाशय फुगून एकेक केळं. केळीत अंडाशय पाकळ्यांच्या खाली असतं, म्हणून वाळलेलं फूल केळ्याच्या टोकाला राहतं, ते काळं टोक तेच. सोललेल्या पिकलेल्या केळ्याच्या टोकात बोट हळूच दाबा, केळं उभं तीन भागांत फाटतं, कारण अंडाशयाला तीन कप्पे होते. मधले बारीक काळपट ठिपके म्हणजे बी न झालेली बीजांडं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला की घरात प्रत्येकाला केळं फाडून दाखवलं!

बी का नाही? आपल्या खायच्या बहुतेक जातींत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही आणि फळ परागीभवनाशिवायच फुगतं. म्हणूनच जळगावकडे, रावेर-यावलच्या बागांत, शेवटची फणी सुटली की खालचं केळफूल मोडून टाकतात, फळाचं काही अडत नाही, उलट झाडाची ताकद घडाला मिळते.

बी धरत नसलं तरी फूल मात्र मध करायचं थांबत नाही. दिवसा शिंजीर पक्षी येतात, रात्री वटवाघळं. रानटी केळींचं तर त्यांच्याशिवाय चालतच नाही. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात कड्यांवर रानकेळी दिसते ना, तिच्या फळात टणक काळ्या बिया ठासून भरलेल्या असतात आणि गर अगदी थोडा. ती एकदाच फुलते, फळते आणि मरते, बागेतल्या केळीसारखी बुंध्याला पिल्लं फुटत नाहीत, म्हणजे तिचं पुढचं सगळं त्या बियांवर. तिथे कुक्षी, पराग, बीजांड सगळ्यांना आपापलं काम करावंच लागतं.

बाकी भाजीचं म्हणाल तर चिरून लगेच ताकाच्या पाण्यात, नाहीतर काळी पडते. आमच्याकडे काळे वाटाणे आणि ओलं खोबरं. आणि अगदी आतला पांढरा कोंब आम्ही निवडत नाही, तिथली फुलं इतकी कोवळी असतात की काडीसुद्धा शिजते. तुमच्याकडे कसं करतात, तो पापुद्रा काढता का ठेवता? सांगा नक्की.