बारीक टायरवरचा तिसरा आठवडा

रविवार, रात्र

आज सकाळी सव्वासहाला घरून निघून नाशिकच्या गंगापूर रोडने गिरणाऱ्यापर्यंत जाऊन आलो. रोड बाईक, म्हणजे डांबरी रस्त्यासाठीची बारीक टायरची सायकल, घेतल्याला हा तिसरा आठवडा. तरीही पहिले दोन-तीन किलोमीटर आपण दुसऱ्या कोणाची तरी सायकल मागून आणली आहे, असेच वाटत राहते. सहा वर्षे माउंटन बाईकच्या ७२० मिलिमीटर रुंद हँडलला सरावलेल्या हातांना हे ४२० मिलिमीटरचे, खाली वळलेले हँडल अजून आपलेसे वाटत नाही, आणि गिअर बदलायची वेळ आली की अंगठा पूर्वीच्या जागी नसलेला खटका शोधू लागतो. इथे गिअर ब्रेकचीच लिव्हर आत ढकलून बदलायचा, हे मला पहिल्याच दिवशी समजले. बोटांना मात्र ते नेमके चढावर आठवत नाही.

गंमत म्हणजे माझ्या जुन्या २९ इंची चाकाची आणि या चाकाची रिम एकाच मापाची, ६२२ मिलिमीटरची आहे. फरक सगळा रबराचा आणि हवेचा. तिथे सव्वादोन इंची टायरमध्ये मी ३० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा ठेवत असे. इथे २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ९० लागते. पहिल्या आठवड्यात जुन्या सवयीने अंगठ्याने टायर दाबून पाहिला, तो बरा वाटला म्हणून निघालो आणि गोवर्धनच्या अलीकडे खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटली. साप डसावा तशी शेजारी शेजारी दोन भोके! "दादा, हवा कमी होती," एवढे बोलून पंक्चरवाल्याने ठिगळे लावून दिली खरी, पण त्याच्या पंपाची नळी या बारीक व्हॉल्व्हला बसेना, त्यामुळे उरलेली वाट सायकल हातात धरून चालावी लागली.

माउंटन बाईकने मला आळशी केले होते, हे आता कबूल करायला हवे. चामर लेण्यांच्या बाजूच्या पायवाटांवर मी डोळ्यांत तेल घालून सायकल चालवत असे, पण डांबरावर आलो की रस्त्याकडे बघणेच सोडून देई; खड्डा आला तर पुढचे सस्पेन्शन तो गिळून टाकी. त्यामुळे सोमेश्वरच्या पुढचा रस्ता मला पाठ आहे, हा माझा समज निव्वळ भ्रम होता. द्राक्षांच्या बागांतून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांची माती कोणत्या वळणावर सांडते, डांबराच्या कोणत्या ठिगळाची कड उभी राहिली आहे, कोणता गतिरोधक पांढऱ्या पट्ट्यांविना दबा धरून बसला आहे, हे सारे मला या तीन आठवड्यांत प्रथमच कळले. पायवाटेवर मागचे चाक थोडे घसरले तर मजा वाटे. इथे तसे घसरणे म्हणजे कोपर सोलणे, म्हणून मातीचा पट्टा दिसताच ब्रेक आधीच दाबून घेतो आणि त्यावरून जाताना हँडल सरळ ठेवतो.

परतताना समोरून वारा होता. हँडलच्या खालच्या वळणात हात नेऊन वाकलो की तो निम्म्याने कमी झाल्यासारखा वाटतो आणि ब्रेकही अधिक जोरात दाबता येतो, पण वर बघून बघून दहा मिनिटांत मान भरून आली. हँडलच्या उभ्या दांड्यावर, हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमच्या वर दोन चकत्या रिकाम्याच बसवलेल्या आहेत. उद्या संध्याकाळी त्या स्टेमखाली घालून हँडल सेंटिमीटरभर उचलून घेणार आहे. दुकानदार हसला तर हसला.