कॉलेज सोडायला दोन दिवस लागले

नव्या कॉलेजचं प्रवेशपत्र हातात पडलं तेव्हा वाटलं, जुन्या कॉलेजात एक अर्ज टाकायचा आणि दाखला घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत. प्रत्यक्षात मुक्काम पडला.

चूक माझीच. मी थेट दाखल्याच्या खिडकीवर गेले. तिथल्या बाईंनी संगणकात पाहून सांगितलं, "लायब्ररीचं पुस्तक बाकी आहे." पुस्तक मी कधीच परत केलं होतं, नोंद तेवढी राहून गेलेली. कपाटातून ते शोधून नोंद पुसेपर्यंत प्रयोगशाळेचे सर निघून गेले होते आणि होस्टेलची सही वॉर्डन येतील तेव्हाच, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी. तेव्हा क्रम असा धरा: आधी नो ड्यूजच्या, म्हणजे कुठल्याच विभागाचं काही देणं बाकी नाही अशा कागदावर सगळ्या सह्या, मग अकाउंट्स, दाखल्याची खिडकी सगळ्यात शेवटी. बाकी कितीही फुटकळ असो, ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे झालेल्या विषयांच्या निकालाचा कॉलेजने दिलेला अधिकृत उतारा, तिथेच अडकतं. आणि जायच्या आधी फोन करून कोण कधी भेटतं ते विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.

प्रवेश रद्द करायचा अर्ज मात्र नव्या जागेचं लेखी पत्र मिळाल्यावरच द्या. मिळाल्यावर मग रेंगाळू नका, कारण फी किती परत मिळणार ते बहुतेक ठिकाणी अर्जाच्या तारखेवर ठरतं. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. नुसतं वर्गात जाणं बंद केलं म्हणजे कॉलेज सुटलं असं होत नाही. नाव पटावर राहतं, आणि पुढे गुणपत्रिकेवर गैरहजर किंवा नापास असा शेरा येऊन बसू शकतो.

सगळ्यात मोलाचा कागद मला मिळाला तो शेवटच्या तासात, विभागाच्या कार्यालयात: मी शिकले त्या वर्षाचा सविस्तर अभ्यासक्रम, तासांसकट आणि शिक्क्यासकट. ट्रान्सक्रिप्टवर फक्त विषयाचं नाव, क्रेडिट आणि ग्रेड. 'गणित ३' एवढं वाचून नव्या कॉलेजने काय ताडून बघायचं? अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो, म्हणून संकेतस्थळावरचा आजचा उतरवून चालत नाही, आपल्या वर्षाचाच हवा. तो नसेल तर झालेला विषय पुन्हा करायची पाळी येऊ शकते.

ट्रान्सक्रिप्टचे बंद लिफाफे एक-दोन जास्तच घ्या. सील फोडलेला लिफाफा बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, त्यामुळे स्वतःला बघायला एक सुटी प्रत वेगळी मागा. (मी उत्सुकतेपोटी एक फोडला. कामातून गेला.) प्रवेशाच्या वेळी जमा केलेली मूळ कागदपत्रं मोजून परत घ्या. कॉलेजचा ईमेल बंद व्हायच्या आत त्यातलं हवं ते उतरवून ठेवा. ज्या सरांचं शिफारसपत्र पुढे लागेल त्यांना त्याच फेरीत भेटा. वर्षभराने त्यांना तुमचा चेहरा आठवेल, विषयातलं काम आठवेलच असं नाही.

होस्टेलचं डिपॉझिट अजून यायचं आहे. पावती फाइलमध्ये सगळ्यात वर लावली आहे.