मेजावरचं कापड

रविवार होऊन तीन दिवस झाले. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि पेले ज्याखाली झाकतो ते कापड धुऊन वाळलंय, इस्त्रीला मात्र हात लागत नाही.

"पुढच्या वेळी घ्या, ताई." एवढंच म्हणाले मी. आवाज चढवला नव्हता. पापकबुलीची प्रार्थना केव्हाच झाली होती, सगळ्यांना भाकर मिळाली होती, ताटावर कापड टाकून मी कडा सारख्या करत होते. तेवढ्यात आमच्या मंडळीतली ती बाई आली. केस कसेबसे मागे बांधलेले, गळ्यात दवाखान्याचा पास तसाच.

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. कापडाचा एक कोपरा उचलला, भाकरीचा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला, ट्रेमधला एक पेला दिला. दुसरा कोपरा माझ्याच हातात होता. सगळी मंडळी बघत होती.

घरी येऊन रडले. इतकी वर्षं मेज मांडतेय, पेले घासतेय, सगळ्यांच्या आधी जातेय आणि सगळ्यांच्या नंतर निघतेय. नियम मी माझ्या मनाने केला होता का? लोक गप्पा मारत, रमतगमत यायचे, म्हणून सभेत सगळ्यांनी मिळूनच ठरवलं. कबुलीनंतर येणाऱ्याने मेजाजवळ येऊ नये. पाळणारी एकटी मीच उरले, आणि कठोरही मीच ठरले. आई असती तर... जाऊ दे.

पण ते "पुढच्या वेळी" काही डोक्यातून जाईना. आमच्याकडे प्रभुभोजन महिन्यातून एकदा. म्हणजे मी तिला महिनाभराने या म्हणाले. घरात आजारी माणूस असलेल्या बाईला महिना केवढा असतो!

काल रात्री बाजू मांडायला म्हणून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. गणना, अध्याय ९. प्रेताच्या स्पर्शाने अशुद्ध झालेल्या माणसांना वल्हांडण, म्हणजे इस्राएल लोकांचा सण, पाळता येत नव्हता, तर देवाने त्यांना पुढच्या महिन्याची १४ तारीख दिली. बघा, देवही पुढच्या महिन्यातच म्हणाला! क्षणभर बरं वाटलं. मग परत वाचलं. ती माणसं त्यांचा पुढारी मोशे याच्याकडे आली, आम्हाला का वगळता म्हणाली, तेव्हा मोशेने लगेच नियम सांगितला नाही. नियम त्याच्याइतका कुणाला पाठ होता? तरी तो म्हणाला, थांबा, परमेश्वर तुमच्याविषयी काय सांगतो ते मी ऐकतो. मी कुणाला विचारलं? तिलासुद्धा नाही. रात्री कोण होतं दवाखान्यात, बाबा कसे आहेत, काहीच नाही.

मग पौलाचं करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ११. दर महिन्याला आम्ही २३ ते २९ वाचतो. अयोग्य प्रकारे खाऊ-पिऊ नका, हे त्यातच येतं, आणि त्याच्याच आधाराने मी सभेत बोलले होते. पण आम्ही २९ला थांबतो आणि २३च्या आधीचं कधी वाचत नाही. २१-२२मध्ये पौल रागावलाय तो उशिरा येणाऱ्यांवर नाही. जे आपलं जेवण आधीच उरकून घेतात, एक भुकेला राहतो तर दुसरा पिऊन मस्त होतो, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना जे खाली बघायला लावतात, त्यांच्यावर रागावलाय. आणि ३३ला साधं सांगणं: जेवायला एकत्र जमता तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

थांबा. मोशेचाही तोच शब्द.

मला दया ठाऊक नव्हती असं नाही. होशेय संदेष्ट्याचं ते वचन, यज्ञ नको, दया हवी, प्रभू येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात दोनदा सांगतो, आणि मी ते मुलांकडून पाठ करून घेतलंय. पण ते म्हणताना डोळ्यांसमोर नेहमी परूशी, ते नियमांना चिकटून बसणारे धर्मपुढारी, यायचे. कापडाच्या कडा सारख्या करणारे हात कधीच आले नाहीत.

नियम चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. रमतगमत येणाऱ्यांनी लवकर यायलाच हवं. पण ती रमतगमत आलेली नव्हती, आणि ते तिच्या तोंडाकडे बघितलं असतं तरी कळलं असतं. मी ताटाकडे बघत होते.

आणि ते पेले. दर वेळी मी मोजून चार जास्त भरते. कुणासाठी भरत आलेय मी ते, हे स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

आज दुपारी फोन केला. माफी मागायचं ठरवून केला होता, पण तिने आधी बाबांचंच सांगितलं. काल दोन घास खाल्ले म्हणे. रविवारचा विषय तिने काढला नाही. मी काढला, नीट जमला नाही, मध्येच घसा दाटला. ती म्हणाली, "असू दे हो ताई." मग मी म्हटलं, शुक्रवारी रात्री त्यांच्याजवळ मी बसते, तू घरी जाऊन झोप.

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नऊच्या आत या हं, नंतर खालचं दार लावून घेतात."

आठलाच जाऊन बसणार आहे.