तुम्ही विचारलंत म्हणून: तांब्याचं हेड गॅस्केट गळत नाही का?

बॉनेट उघडं दिसलं आणि कोणी येऊन डोकावलं की दोन मिनिटांत हा प्रश्न येतोच, कारण हेड (इंजिनाचं वरचं झाकण) आणि ब्लॉक (खालचा, सिलिंडरवाला भाग) यांच्या मधनं गॅस्केटची, म्हणजे फट बंद करणाऱ्या पत्र्याची, ती तांबूस कड बाहेर दिसते. "हे तांब्याचं आहे का? घरी केलंय? मग गळत नाही का हो?" विचारणारे बरेचदा उत्तर आधीच ठरवून आलेले असतात, कुठेतरी ऐकलेलं असतं की तांबं म्हणजे रेसवाल्यांचं काम, रोजच्या गाडीला नाही चालत. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. गळतं. माझं दोनदा गळलं, आणि दोन्ही वेळा बिचाऱ्या तांब्याची काही चूक नव्हती.

आधी हा उद्योग मुळात केलाच का ते. इंजिन जुनं, चार सिलिंडरचं, ब्लॉक कास्ट आयर्नचा, हेड अल्युमिनियमचं, पुशरॉडवालं (व्हॉल्व्ह उघडणारा कॅम खाली ब्लॉकमध्ये). त्याचं गॅस्केट बनायचं बंद होऊन जमाना झाला, आणि कुणाच्या फडताळात पडलेलं एखादं मिळालंच तरी ते इतकं वाळलेलं असतं की हातात धरताच पापुद्रे सुटतात. शिवाय माझ्या हेडचं फेसिंग (तोंड घासून सपाट करणं) आधीच्या मालकांनी किती वेळा करून घेतलंय देव जाणे, त्यामुळे मला जाडीसुद्धा माझ्या हिशोबाची हवी होती. पत्रा पाहिजे त्या जाडीत मिळतो. आणि एकदा केलेलं गॅस्केट, हेड परत उघडावं लागलं तरी तापवून पुन्हा वापरता येतं, हे मला सगळ्यात आवडलं. कंजूस म्हणा हवं तर.

जुनं गॅस्केट काढताना मात्र जपून. त्या काळातली बरीचशी गॅस्केटं म्हणजे पातळ तांब्याच्या नाहीतर स्टीलच्या पत्र्यांच्या मधे ॲस्बेस्टॉस. ते कोरडं खरवडायचं नाही, ड्रिलला वायर ब्रश लावून तर अजिबातच नाही. पाण्याने भिजवून, बारीक धूळ अडवणारा मास्क लावून सावकाश सोडवायचं आणि पिशवीत बंद करून टाकायचं.

तर गळण्याचं. तयार गॅस्केटच्या आत काहीतरी मऊ असतं, ते दबतं, आणि हेडवरचे छोटेमोठे खड्डे पोटात घालतं. तांबं इतकं मोठ्या मनाचं नाही. नरम केलेलं असलं तरी ते नट आवळल्यावर दबतं ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागांच्या हिशोबात, त्यापलीकडे नाही. म्हणजे हेड किंवा ब्लॉक जरा जरी बसकं असेल तर तिथे फट राहणार आणि त्या फटीतनं गॅस जाणार, यात तडजोड नाही. मला हे माहीत होतं. वाचलेलं होतं. तरी पहिल्या वेळी मी हेडवर स्ट्रेट एज, म्हणजे अचूक सरळ पट्टी, ठेवली, दिव्यासमोर धरून एका डोळ्याने बघितलं, उजेड काही दिसत नाहीये असं स्वतःलाच सांगितलं आणि चढवलं. गाडी सुरू झाली, चालली, पण चढावर दम नाही आणि आयडलला थरथर. कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब बनतो ते, बघितलं तर १ आणि ४ ला दहा बारच्या आसपास आणि २ आणि ३ ला जेमतेम सहा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले की बहुतेक वेळा मधली भिंत फुटकी, म्हणजे दोघांच्या मधल्या त्या अरुंद पट्टीवरनं गॅस एकमेकांत जातोय. हेड परत खाली. या वेळी फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा) घेऊन बसलो आणि त्याच पट्टीवर ०.१२ मिमीची पाती सरळ आत गेली. डोळ्याला न दिसलेली फट! तेव्हापासून माझा नियम ०.०५ मिमी, म्हणजे ०.०५ ची पाती लांबी, रुंदी, दोन्ही कर्ण, कुठेही आत जायला नको. गेली तर फेसिंग करून आणायचं. आणि ब्लॉकसुद्धा तपासायचा, लोक हेडच्या मागे लागतात आणि ब्लॉककडे कोणी बघत नाही, स्टडच्या (हेड आवळून धरणाऱ्या आट्यांच्या दांड्यांच्या) भोकांच्या कडा वर्षानुवर्षं ओढून ओढून वर आलेल्या असतात, त्या कानशीने नीट घासून बसवाव्या लागतात.

जाडीचा हिशोब अवघड नाही पण करायलाच हवा. सॉलिड तांबं जवळजवळ दबतच नाही म्हणजे पत्र्याची जाडी तीच बसल्यावरची जाडी, तयार गॅस्केटसारखं नवीन असताना एक आणि आवळल्यावर दुसरी असं नसतं. ७६ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) धरा, त्यात गॅस्केटचा दर मिलिमीटर म्हणजे साधारण ४.५ सीसी. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ८२ मिमी असेल तर एका सिलिंडरचे ३७२ सीसी होतात, आणि कंप्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची) ८.५ असेल तर वरती उरलेली जागा असते साधारण ४९.६ सीसी. आता १ मिमीच्या जागी १.६ चा पत्रा घातला तर २.७ सीसी वाढली आणि रेशो आला ८.१ वर. हेड जास्त घासलं गेलं असेल तर हा जाड पत्रा कामाचाच, गेलेली जागा परत मिळते. फक्त हेडमधलं चेंबर (इंधन जळतं तो खळगा) बोअरएवढं रुंद नसतं, त्यामुळे जेवढं घासलं तेवढंच जाड घालून हिशोब सुटत नाही. चेंबरवर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवायची, सिरिंजने रॉकेल भरायचं आणि सीसी मोजायचे, एवढं केलं की कळतं. ओव्हरहेड कॅमवाल्यांनी (ज्यांचा कॅम हेडमध्ये असतो) अजून एक लक्षात ठेवा, हेड वर उचललं गेलं की चेनने फिरणाऱ्या कॅमचं टायमिंग थोडं मागे जातं.

कापायचा आकार जुन्या गॅस्केटवरनं घेऊ नका. ते चेपून पसरलेलं असतं, त्याची भोकं आता मूळ मापाची नसतात. मी ब्लॉकच्या तोंडावर जाड कागद ठेवून, दोन स्टडवर अडकवून, बोटाला ग्रीस लावून सगळ्या कडांवरनं फिरवतो, प्रत्येक भोक कागदावर उमटतं. मग तोच कागद हेडवर उलटा ठेवून बघायचा, कारण इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची काही भोकं ब्लॉकला असतात आणि हेडला नसतात, किंवा मोठीला छोटं जुळवलेलं असतं. कंपनीने काही भोकं गॅस्केटमध्ये मुद्दाम बारीक ठेवलेली असतात, पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत पोचावं म्हणून, ती हौसेने मोठी केलीत तर इंजिन मागे तापणार. ही एकच गोष्ट जुन्या गॅस्केटवर बघून घ्यायची.

पत्रा कापायचा तो कडक असताना. नरम तांबं ड्रिलला चिकटतं, भोक तिरकं होतं, पत्रा गरकन फिरतो आणि बोटं कापतो (विचारू नका). दोन प्लायवूडच्या मधे पत्रा घट्ट बोल्ट करून बोअरची भोकं होल सॉने किंवा मिलिंगवर काढायची, बोअरपेक्षा मिमी-दीड मिमी मोठी, म्हणजे कड आत डोकावून लालबुंद होणार नाही. बाहेरचा आकार बारीक दातांच्या जिगसॉने. आणि मग धार मारणं, म्हणजे प्रत्येक भोकाच्या दोन्ही बाजूंची ती उभी राहिलेली बारीक कड काढून टाकणं. कंटाळवाणं काम आहे आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. डोळ्यावर विश्वास नको, नख फिरवा, नख अडकलं की तिथे कड आहे. एकाच भोकाची कड राहिली तरी ती अख्खं हेड तेवढं उचलून धरते.

आता तापवणं, माझा आवडता भाग. पोलादाला लाल करून पाणी पाजलं की ते कडक होतं, आपल्या डोक्यात तेच बसलेलं असतं. तांब्याचं तसं नाही, लाल करून पाण्यात टाका नाहीतर तसंच निवू द्या, नरमच होतं. पाण्याचा फायदा इतकाच की वरचा काळा पापुद्रा फटकन सुटतो. मी हे काम मुद्दाम दिवस मावळताना करतो, कारण कडक उन्हात तांब्याचा लाल दिसतच नाही, आणि लाल दिसेपर्यंत तापवत बसलात तर पत्रा कधी लोळागोळा होईल कळणार नाही. तांबं १०८५ अंशांना वितळतं, आपल्याला लागतो त्याच्या निम्म्याच्या थोडा वर. पत्रा विटांवर सपाट ठेवायचा, टॉर्च गोल गोल फिरवायची. आधी रंगांचे पट्टे पळतात, केशरी, जांभळा, निळसर, मग सगळं काळवंडतं, आणि मग त्या काळ्याच्या आतनं एक मंद, अगदी पुसट लाल वर येतो. तो दिसला की ज्योत पुढे सरकवायची. तांबं उष्णता इतक्या जोरात ओढून घेतं की अख्खा पत्रा एकदम लाल होणं लहान टॉर्चने शक्यच नाही, तुकड्या तुकड्याने करत जायचं. ज्योत धुरकट, पिवळी नको, साध्या तांब्यात थोडा ऑक्सिजन असतो आणि हायड्रोजनवाल्या ज्योतीत ते आतनं ठिसूळ होऊ शकतं. पाण्यात सोडताना उभं सोडा, आडवं टाकलं की झालं छप्पर.

माझी दुसरी गळती इथलीच. तापवून छान नरम झालेलं गॅस्केट मी भिंतीला टेकवून ठेवलं, दोन दिवसांनी बघतो तर स्वतःच्या वजनाने वाकलेलं. मग मी शहाण्यासारखी लाकडी हातोडी घेतली आणि ठोकून ठोकून सपाट केलं. दिसायला इतकं सुंदर! आणि ठोकून ठोकून परत कडक. तांबट भांडं घडवताना मधे मधे ते पुन्हा भट्टीत का घालतो हे ज्याला माहीत आहे त्याने असं करावं म्हणजे कमालच. चढवल्यावर तिसऱ्या दिवशी रेडिएटरमध्ये बुडबुडे. आता तापवल्यावर लगेच दोन सपाट पाट्यांच्या मधे दाबून ठेवतो आणि उचलतो तेसुद्धा पाटीसकट.

बसवताना एवढंच की तांबं गॅस अडवतं, पाणी नाही अडवत. बोअरभोवती नट आवळल्याचा दाब भरपूर असतो, पाण्याच्या भोकांशी कमी, त्यामुळे दोन्ही बाजूंनी कॉपर स्प्रेचा (तांब्याची पूड असलेल्या सीलंटचा) पातळ थर आणि पाण्याच्या भोकांभोवती सिलिकॉनची अगदी बारीक रेघ. तेलाच्या भोकाजवळ सिलिकॉन नेऊ नका, सुटलेला तुकडा रॉकर शाफ्टचं, म्हणजे वरच्या व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाचं, तेल बंद करतो. टर्बो वगैरे असेल तर ब्लॉकमध्ये बोअरभोवती खाच पाडून १ मिमीची स्टीलची तार बसवतात, ती पाव मिलिमीटरच्याही आतच वर ठेवतात म्हणजे तांब्यात रुतून बसते. माझ्यासारख्या साध्या इंजिनला त्याची गरज पडली नाही.

नट मधनं बाहेर, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्याच टॉर्कला (आवळण्याच्या ठरावीक जोराला). मग इंजिन पूर्ण गरम करा, रात्रभर निवू द्या, आणि थंड असताना एकेक नट पाव फेरा सैल करून परत त्याच टॉर्कला. सैल न करता नुसता पान्हा लावला तर नटाच्या आट्यांतला चिकटपणाच मोजला जातो, पान्हा खट् वाजतो आणि आपण खूश. हे मी तीनदा करतो, शेवटचं साधारण पाचशे किलोमीटरला. ज्यांच्या हेडला आधी टॉर्कला आवळून मग ठरावीक अंश फिरवायचे, ताणले जाणारे आणि एकदाच वापरायचे बोल्ट आहेत त्यांनी मात्र हा खेळ करू नका. आणि तांबं, अल्युमिनियम, पाणी हे त्रिकूट एकत्र आलं की मार अल्युमिनियम खातं, त्यामुळे नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर आणि चांगलं कूलंट, वेळच्या वेळी बदललेलं.

सध्या जे बसवलंय ते तेच दुसरं गॅस्केट आहे, परत एकदा लाल होऊन आलेलं. कंप्रेशन चारही सिलिंडरला सारखं. फक्त मागच्या कोपऱ्यात, शेवटच्या स्टडखाली, एक हिरवट डाग येतो, नखाएवढा, पुसला की पुढचा महिनाभर दिसत नाही. त्यासाठी हेड उघडणार नाहीये.