नाईटमधला के मुका कसा झाला

इंग्रजीचे स्पेलिंग म्हणजे निव्वळ पाठांतर, त्यात नियम शोधू नयेत, असे आपल्याला लहानपणापासून सांगितले जाते. मला हे अर्धेच पटते. यातली बरीचशी स्पेलिंगे एके काळी उच्चाराला धरूनच होती. पुढे उच्चार बदलत गेला आणि अक्षरे मात्र जागची हलली नाहीत.

योद्धा या अर्थाचा ‘नाईट’ हा शब्द घ्या. त्यातला आरंभीचा के पूर्वी स्पष्ट उच्चारला जाई, मधला आय ऱ्हस्व इकारासारखा होता आणि जी-एच ही जोडी घशातून घासत येणाऱ्या ख-सारख्या ध्वनीसाठी होती, त्यामुळे चौदाव्या शतकातला माणूस हा शब्द साधारण ‘क्निख्ट’ असा म्हणत असे. नंतर घशातला ध्वनी गेला, के मुका झाला, इकाराचा ‘आय’ झाला. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना सुरू केला आणि पुढच्या दोन शतकांत छापील स्पेलिंग हळूहळू स्थिरावत गेले. पण नेमक्या त्याच काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर एकामागून एक सरकत होते. ‘टाइम’मध्ये पूर्वी ‘टीम’सारखा दीर्घ ईकार होता, ‘हाऊस’ हे ‘हूस’ होते आणि ‘नेम’मधला ए हे अक्षर आकारासाठी होते. लिहिणे गोठले, बोलणे वाहत राहिले.

काही गोंधळ मात्र हाताने लिहिण्याच्या काळापासूनचे आहेत. हस्तलिखितांतल्या लिपीत यू, एन, एम आणि व्ही ही अक्षरे आखूड उभ्या रेघांनीच काढत, आणि ती शेजारी शेजारी आली की रेघांचे नुसते कुंपण दिसे. कुठे एक अक्षर संपते आणि दुसरे सुरू होते हे वाचणाऱ्याला कळेना. म्हणून लेखनिक अशा ठिकाणी यूऐवजी ओ लिहू लागले. मुलगा या अर्थाचा ‘सन’, ‘कम’ आणि ‘लव्ह’ या शब्दांतल्या ओचे हेच कारण सांगितले जाते.

इथवरचे सगळे मी समजून घेऊ शकतो. राग येतो तो विद्वानांचा. फ्रेंचमधून आलेल्या ‘डेट’ म्हणजे कर्ज या शब्दात बी नव्हता आणि तो कुणी उच्चारतही नव्हते. पण त्याचे मूळ लॅटिन ‘देबितुम’मध्ये आहे हे दाखवण्याच्या हौसेपायी तो मध्ये घुसवला गेला. ‘डाउट’मधला बी आणि ‘रिसीट’मधला पी याच हौसेचे. ‘आयलंड’ची गोष्ट तर आणखी हास्यास्पद आहे: तो अस्सल जुना इंग्रजी शब्द, लॅटिनशी त्याचे काही नाते नाही, तरी बेट याच अर्थाच्या लॅटिनोद्भव ‘आइल’चे पाहून त्याच्या पोटात एस आला. गंमत अशी की, ‘फॉल्ट’मधला एल असाच मागाहून चिकटवलेला, पण लोक लिहिलेले पाहून तो चक्क उच्चारू लागले.

मग हे सगळे सुधारत का नाहीत? नोहा वेब्स्टरने १८२८ च्या आपल्या अमेरिकी कोशात ‘कलर’मधला यू काढला आणि ‘सेंटर’चा शेवट बदलला, अमेरिकेत ते रुजले, पण ‘नाइफ’चा के तिथेही शाबूत आहे. उच्चारानुसार लिहायचे ठरवले, तर कुणाचा उच्चार प्रमाण मानायचा, हा पहिला पेच. कारण ‘कार’मधला शेवटचा आर लंडनमध्ये सहसा ऐकू येत नाही आणि स्कॉटलंडमध्ये ठणठणीत ऐकू येतो. दुसरी अडचण मला अधिक वजनदार वाटते. ‘साइन’मधला जी काढून टाकला, तर ज्यात तोच जी उच्चारला जातो त्या ‘सिग्नेचर’शी असलेले त्याचे नाते कागदावर दिसेनासे होईल.