हात माझा, पेपर त्याचा

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. कारण शाळेत असताना मी ना कधी पहिला आलो, ना वक्तृत्वाची ढाल घेऊन आलो. माझ्या प्रगतिपुस्तकात कौतुक करण्याजोगी एकच गोष्ट असे आणि ती म्हणजे अक्षर. ज्या प्रसंगाबद्दल मला लिहावेसे वाटते, तो या अक्षरामुळेच माझ्या वाट्याला आला.

१९८० सालच्या फेब्रुवारीत, मी नववीत असताना, आम्हाला गुजराती शिकवणाऱ्या सरांनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावले. रावपुऱ्यात राहणारा एक अंध मुलगा मार्चमध्ये दहावीच्या बोर्डाला बसणार होता आणि त्याला लेखनिक हवा होता. बडोद्यात आपण सगळे ‘लहियो’ म्हणतो तो. लेखनिकाच्या हुशारीचा फायदा परीक्षार्थीला मिळू नये म्हणून तो खालच्या इयत्तेतला असावा लागे. माझ्याबाबतीत ही काळजी अनाठायी होती, हे सरांनाही ठाऊक असावे. “हात तुझा, पेपर त्याचा. एवढं सांभाळ म्हणजे झालं,” ते म्हणाले. मला ते फार सोपे वाटले.

पहिली अडचण लिपीची निघाली. मी मराठी घरातला आणि मराठी माध्यमातला मुलगा. गुजराती बोलायला पटाईत, पण लिहायला बसलो की हात आपोआप अक्षरांच्या डोक्यावर रेघ ओढायचा. गुजरातीला शिरोरेघ नसते, आणि घाई झाली की माझे ‘क’, ‘ख’, ‘ज’ थेट देवनागरीतले उतरायचे. म्हणून परीक्षेपूर्वी तीन आठवडे शाळा सुटल्यावर रोज त्याच्या घरी जाऊन त्याच्या बोलण्याबरोबर लिहिण्याचा सराव करायचा, असे सरांनी ठरवून दिले. त्याच्या आईने ओट्यावर चटई अंथरून ठेवलेली असे. तो ब्रेलमध्ये काढलेली टिपणे मांडीवर घेऊन बसे. ती तो कशी काढतो हे पाहण्यात माझे पहिले दोन दिवस गेले. पाटीत कागद अडकवून टोचणीने उजवीकडून डावीकडे टोचत जायचे, मग कागद उलटायचा आणि वर आलेले टिंब डावीकडून उजवीकडे बोटांनी वाचायचे. सहा टिंबांच्या मांडणीत सारी अक्षरे बसवलेली असतात, हे मला तोवर माहीत नव्हते. मी एकदा डोळे मिटून माझे बोट त्यावर फिरवून पाहिले, तर मला नुसता खरखरीतपणा लागला.

दुसरी अडचण माझ्या स्वभावाची होती आणि ती सरावात कळली नाही. कोणी वाक्य सुरू केले की ते मीच पुरे करायचे, ही माझी जुनी खोड. तो विचार करून बोलणारा होता. एक वाक्य सांगून झाले की थांबे, ओठातल्या ओठात पुढचे वाक्य जुळवी, आणि तेवढ्यात मी ते लिहूनही टाकलेले असे. सरावात याची आम्हा दोघांनाही गंमत वाटायची.

समाजविद्येच्या पेपरला मात्र तसे राहिले नाही. आम्हा दोघांना कोपऱ्यातली वेगळी खोली दिलेली होती, कारण त्याला मोठ्याने सांगावे लागणार होते. पर्यवेक्षक दाराशी खुर्ची टाकून बसले होते. प्लासीच्या लढाईवरच्या उत्तरात त्याने साल सांगितले १७६१. आता १७६१ म्हणजे काय, हे मराठी मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. दमाजीराव गायकवाड पानिपतावरून जिवंत परत आले, ही कथा आमच्या घरी जेवणाच्या पानावर सांगितली जाई. मी क्षणभरही न थांबता १७५७ लिहिले आणि आपण एक पुण्यकर्म केले असे मनोमन मानून पुढे गेलो. वेळ उरला तेव्हा त्याने सवयीप्रमाणे सगळा पेपर वाचून दाखवायला सांगितला. त्या ओळीशी आल्यावर त्याने हाताने थांबवले.

“में तो १७६१ लखाव्युं हतुं ने?”

मी हळूच म्हणालो की ते चूक होते. तो काही वेळ गप्प राहिला आणि मग अगदी शांतपणे म्हणाला, “पास थाउं तो हुं थयो कहेवाउं, तुं नहीं.” म्हणजे, पास झालो तर मी झालो असं म्हणता यायला हवं, तू नाही. त्याने मला १७५७ खोडायला लावले आणि वर १७६१ लिहायला लावले. पर्यवेक्षक पाहत होते, पण बोलले नाहीत. माझ्या आयुष्यातला चुकीचा आकडा इतक्या सुवाच्य अक्षरात मी दुसऱ्यांदा कधी लिहिलेला नाही.

तो पास झाला, पुढे शिकला आणि एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागला. निकालाच्या दिवशी तो पेढे घेऊन आमच्या घरी आला होता. त्या सालाचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

बडोद्यात मदतीची गोष्ट निघाली की सयाजीराव महाराजांनी १९१३ साली कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी डॉ. आंबेडकरांना दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीचा उल्लेख होतोच, आणि तो व्हायलाही हवा. मात्र राजाच्या दातृत्वापुढे आपल्या खिशातले पेन काढायला माणूस संकोचतो, असे मला अनेकदा जाणवले आहे. मी लेखनिकाचे काम पुढे शाळेत असेपर्यंत केले, आणि गंमत अशी की स्वतः शाळा संपवल्याबरोबर शालेय परीक्षांना मी अपात्र ठरलो. मग मी पाठ्यपुस्तके कॅसेटवर वाचून द्यायला लागलो. एप्रिलच्या दुपारी पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो म्हणून पंखा बंद, भाजीवाल्याची हाळी येते म्हणून खिडक्या बंद, आणि आकृतीचे वर्णन शब्दांत कसे करायचे याचा विचार करत घामाने निथळणारा मी. भूगोलाचा एक नकाशा वाचून दाखवायला मला रविवारची सारी दुपार लागली होती. आता मोबाईलच पुस्तक वाचून दाखवतो आणि माझ्यापेक्षा पुष्कळ वेगाने वाचतो, याचे मला वाईट वाटत नाही.

माझी सारी नोकरी निवृत्तिवेतनाच्या टेबलावर गेली. समोर येणारी माणसे म्हातारी, बहुतेक वेळा विधवा, आणि मूळ मुद्द्यावर यायला त्यांना पाच-दहा मिनिटे लागत. सहकारी त्यांची वाक्ये पुरी करून अर्ज भरून टाकत आणि तो अर्ज पुष्कळदा चुकीचा भरला जाई. मी मात्र ऐकून घेऊन लिहीत असे, आणि लिहिलेले वाचून दाखवून “बरोबर आहे का?” असे विचारल्याशिवाय सही घेत नसे. माझ्या टेबलापुढे रांग लांब असे, त्यावरून बोलणीही खावी लागली. पण संध्याकाळी सायकल काढताना मला जे समाधान वाटे, ते पगाराच्या दिवशीही वाटत नसे.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतील नववीची मुलगी लेखनिक म्हणून जाणार होती. आता नियम बरेच सुधारले आहेत. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासामागे किमान वीस मिनिटे जादा दिली आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी लेखनिकाला भेटण्याचीही सोय केली. तिच्या आईने तिला माझ्याकडे सरावाला पाठवले. मी इतिहासाचे एक पान सांगायला घेतले आणि मुद्दामच प्लासीचे साल १७६१ सांगितले. तिने मान वर केली नाही, पेन थांबवले नाही, आणि सुरेख अक्षरात १७५७ लिहिले.

मी तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला सांगितले.