बुलेट अपडेट: ठिणगी होती, जोर नव्हता

मंडळी, इतके महिने बंद पडलेली माझी जुनी बुलेट अखेर पेटली, म्हणजे सुरू झाली! रविवारी संध्याकाळी, सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, चोक न ओढता. आधी धडधड, मग धूर, आणि धूर असा की ग्रुपवर लगेच मेसेज: ‘बी विंगखाली काही जळतंय का?’ वेट सम्पिंग, दुसरं काय. गाडी इतके महिने उभी, मागच्या कप्प्यातलं ऑइल झिरपत क्रँककेसमध्ये उतरणारच. ड्रेन केलं तरी थोडं राहतंच. दोन मिनिटांत धूर गेला, आवाज राहिला. शेजारचे काका खाली आले ते धुराची तक्रार करायला, पण आवाज ऐकून तिथेच उभे राहिले.

मागच्या वेळी कुठे अडलो होतो ते आठवत असेल. पेट्रोल नवीन, टाकी धुतलेली, कार्बमधलं पायलट जेट (पेट्रोलचं बारीक भोक) साफ. (ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि जुन्या रबरी नळ्या हा विषय पुन्हा काढत नाही. नळी बदला, आणि गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर फ्लोट बाऊल (कार्बच्या तळाची वाटी) रिकामा करून ठेवा, एवढंच.) कॉम्प्रेशन असं की डीकॉम्प (सिलेंडरमधला दाब सोडणारी कळ) न ओढता किकवर अख्खा उभा राहिलो तरी किक हलत नाही. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, पुस्तकाप्रमाणे, ॲडव्हान्स पूर्ण मागे असताना पिस्टन वर पोचण्याआधी ०.८ मिमी. पॉइंटची (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच; ‘बंद’ म्हणजे टोकं टेकलेली) गॅप ०.३५ ते ०.४० मिमीच्या मध्ये. प्लग काढून हेडला टेकवला तर ठिणगी दिसतेय. आणि किक मारावी तर कधी कार्बमधून ‘फुस्स’, कधी सायलेन्सरमधून एखादा फटाका, बहुतेक वेळा तेवढंही नाही. प्लग बाहेर काढला की ओलाचिंब.

‘प्लग करंट देतोय ना? मग इग्निशन ओके आहे’ हे वाक्य मी ठाण्यात ज्या ज्या गॅरेजवाल्यापुढे रडगाणं गायलं त्याने मला ऐकवलं. ह्या वाक्यावर माझा राग आहे. उघड्या हवेत प्लगच्या एवढ्याशा गॅपमधून उडी मारायला ठिणगीला फारसं बळ लागत नाही. सिलेंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं गेलं की त्याच गॅपला कित्येक पट व्होल्टेज लागतं. आपल्या कास्ट आयर्न इंजिनाचं कॉम्प्रेशन जेमतेम ६.५ ला १, तरीसुद्धा. म्हणजे हेडला टेकवलेला प्लग फक्त कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) मेलेली नाही एवढंच सांगतो.

म्हणून जुन्या प्लगचा बाहेरचा काटा कापून टाकला, म्हणजे ठिणगीला सहा-एक मिलिमीटर उडी मारावी लागेल. आता खरं रूप दिसलं. पिवळट, केसासारखी बारीक, आणि दर दोन-तीन किकला एकदा गायब.

इथून संशयितांची रांग. पहिला पॉइंटला जोडलेला कंडेन्सर, कारण बुलेटवाल्यांचा पहिला संशय कायम कंडेन्सरवरच असतो. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून नवीन दोन आणले. घरी मीटरवर लावले तर एक जवळजवळ शून्य दाखवतोय! पॅकिंग चकचकीत, होलोग्राम वगैरे सगळं, आत ठणठण गोपाळ. गाडीवरचा जुना मात्र अजूनही ०.२२ मायक्रोफॅरड. तोच परत बसवला. दुकानाचं नाव घेत नाही, पण कंडेन्सर विकत घेताना काउंटरवरच मोजून घ्या, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी.

दुसरी कॉइल. कळव्याच्या मित्राची बुलेट रोज चालते. त्याची कॉइल माझ्या गाडीला लावली तर तीच बोंब. माझी त्याच्या गाडीला लावली तर पहिल्या किकला सुरू, वर तो मलाच म्हणतो, ‘ही कॉइल मला देऊन टाक.’ कॉइल निर्दोष सुटली.

तिसरी बॅटरी. मिस्त्रींनी हॉर्नवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘अहो साहेब, केवढा बोंबलतोय बघा, बॅटरीला काय धाड भरलीये?’ खरंच बोंबलत होता. ह्या हॉर्नने सगळ्यांची दिशाभूल केली हे पुढे कळलं.

खरा धागा मिळाला तो कॉइलची अदलाबदल करताना. मित्राच्या गाडीत चावी फिरवून किक हळूच दाबली आणि पॉइंट बंद झाले तसा ॲमीटरचा काटा डिस्चार्जकडे ठसक्यात तीनच्या पुढे गेला. माझ्याकडे? दोनच्या थोडा पुढे, आणि तेही लाजत लाजत. कॉइल एकच, बॅटरी दोन्हीकडे चार्ज केलेली, मग करंट कमी का? वाटेत कोणीतरी खातंय.

मग भाग बदलणं बंद. पॉइंट बंद राहतील अशा जागी इंजिन थांबवलं, चावी चालू केली आणि मीटर २० व्होल्टवर लावून करंटच्या वाटेवर टप्प्याटप्प्याने मोजत गेलो. (फार वेळ चावी चालू ठेवू नका, कॉइल तापते. मोजा, बंद करा, पुढचा टप्पा.) बॅटरीवर १२.४. बॅटरीच्या प्लसपासून कॉइलच्या प्लसपर्यंत ०.८ व्होल्टची गळती, म्हणजे तेवढे वाटेतच गेले. जरा जास्त, पण चालेल म्हटलं. बंद पॉइंटच्या दोन टोकांत ०.१. डिस्ट्रिब्युटरच्या (ज्या डब्यात पॉइंट बसतात तो) बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.१. आणि पॉइंट ज्या प्लेटवर बसतात त्या प्लेटपासून बॉडीपर्यंत, म्हणजे बोटभर अंतरात, ३.४ व्होल्ट!

प्लेटचे दोन्ही स्क्रू सोडले. एक हाताने फिरला, दुसऱ्याने पाय रोवले होते. प्लेट उचलली तर खाली ॲल्युमिनियमच्या कडेवर पांढरी भुकटी, जुन्या बॅटरीच्या टर्मिनलवर धरते तशीच, बोटाला लागली की खडूसारखी. स्क्रूच्या आट्यांतही तीच. टायमिंग जुळवायला प्लेटची भोकं लांबट असतात, त्यामुळे अर्थ (अर्थिंग, करंटची बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट) मिळतो तो स्क्रूचं डोकं आणि बाहेरची कड एवढ्यावरच. त्यात डिस्ट्रिब्युटर सिलेंडरच्या मागे, टाकी-सीटवरून निथळणाऱ्या पाण्याच्या थेट वाटेवर. वर ठाण्याचा पाऊस आणि खाडीची हवा.

आता हॉर्नचं कोडंही सुटलं. हॉर्नचा अर्थ चासीतून सरळ बॅटरीला जातो, ह्या प्लेटशी त्याचा काही संबंध नाही. प्लेटमधून जातो तो फक्त इग्निशनचा करंट. हिशोब करा: १२.४ मधून साधारण साडेचार वाटेतच गेले, कॉइलला उरले आठ. सव्वातीनच्या जागी सव्वादोन अँपिअर. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर चालते, म्हणजे ठिणगीचा जोर सरळ निम्म्यावर.

उपाय अगदी स्वस्त. दोन्ही कडा पितळी ब्रशने घासल्या, स्क्रू नवे टाकले, आणि प्लेटच्या स्क्रूपासून बॉडीच्या स्क्रूपर्यंत बारीक तारांची लवचीक वायर, दोन्ही टोकांना लग डाख देऊन. वायर थोडी सैल ठेवली, नाहीतर पुढे टायमिंग हलवताना तीच ओढून धरेल. गळती आता मीटरला जेमतेम दिसते. कापलेल्या प्लगवर निळी ठिणगी, आणि तो ‘चट्ट’ आवाज! मी उगाचच बराच वेळ किक दाबत तो ऐकत बसलो होतो.

मग खरा प्लग. काटा डिस्चार्जकडे, किक हळू दाबत नेली, काटा मध्यावर येतोय तोच डीकॉम्प ओढून किंचित पुढे, सोडलं, आणि पूर्ण किक. पुढचं वर सांगितलंच आहे.

हत्यारांबद्दल एक-दोन गोष्टी. ह्या कामाला तो पिवळा स्वस्तातला मीटर पुरतो, फक्त त्याच्या सुया फेकून मगरचिमटे लावा. एक हात किकवर असताना दोन सुया धरायला तिसरा हात कुठून आणणार? आणि पॉइंट पॉलिश पेपरने घासणाऱ्यांना हात जोडून विनंती, त्याचे कण पॉइंटमध्ये रुतून बसतात. पॉइंटची बारीक कानस, मग कोरं व्हिजिटिंग कार्ड ओढून घ्या. लग्नपत्रिकेचा तुकडाही चालतो, चमकी नसलेला.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट टाकायचं असं मागच्या वेळी जाहीर केलं होतं. ते रद्द. किटचा अर्थही बहुधा त्याच सडलेल्या कडेवर बसला असता आणि मी किटला शिव्या घालत राहिलो असतो. त्या पैशात पुढचा टायर येईल. खरं तर पुढच्या रविवारी वायरिंगला हातच लावायचा नव्हता, पण वर ०.८ लिहिताना तो आकडा आता खुपायला लागलाय. फ्यूज, ॲमीटर आणि चावीचा स्विच, ह्या तिघांत तो वाटला गेलाय. ॲमीटरमागचे नट आधी, कारण तिथवर हात जातो. चावीचा स्विच उकलायचा माझा विचार नाही, आतली स्प्रिंग उडाली की गेली. फवारा मारून पंचवीस-तीस वेळा चावी फिरवायची आणि परत मोजायचं.

उपवनपर्यंत छान गेली. येऊरच्या चढावर मात्र तिसऱ्यात थ्रॉटल उघडला की इंजिन ओरडतं आणि गाडी तिथेच. क्लच घसरतोय. प्रायमरी केसमध्ये, म्हणजे क्लचच्या डब्यात, आधीच्या मालकाने कुठलं ऑइल ओतलंय देव जाणे, ते काढून बघतो. तोवर ज्यांच्याकडे पॉइंटवाली बारा व्होल्टची बुलेट आहे त्यांनी एक करा: पॉइंट बंद असताना काटा किती जातो ते बघा आणि मला कळवा. तीनच्या आत असेल तर प्लेटपासून बॉडीपर्यंतचं रीडिंगही पाठवा.